निनादाची किंमत

कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातले गाव पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिरंगुटच्या पुढे लागते. तेथे एका मित्राच्या घरी आम्ही काही शिक्षक जमलो होतो. पाचवी-सहावीच्या मुलांनी बसवलेली दहा गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि आसपासच्या शाळांना द्यावीत, असा बेत होता. साहित्य म्हणजे एक जुना संगणक, एक साधा मायक्रोफोन आणि फुकट मिळणारे 'ऑडॅसिटी' हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर.

पहिले मुद्रण घराच्या मोठ्या, रिकाम्या दिवाणखान्यात केले. आवाज भरदार आला, पण शब्द एकमेकांत मिसळून गेले. मग लहान खोलीत चारी बाजूंना गोधड्या टांगल्या आणि पुन्हा गाणे घेतले. आता शब्द न् शब्द स्पष्ट होता. पण ऐकता ऐकता एक मुलगी म्हणाली, "सर, हे कपाटात बसून गायल्यासारखं वाटतंय."

मुले तीच, गाणे तेच. फरक फक्त खोलीचा. यावर उपाय म्हणून 'रिव्हर्ब'चे प्लगइन वापरा, असे एकाने सुचवले. प्लगइन म्हणजे ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा एक पूरक भाग. चौकशी केली तेव्हा किमती शून्यापासून कित्येक हजार रुपयांपर्यंत निघाल्या. आमच्यापाशी होते दोन हजार. कोणते घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही सव्वाशे वर्षांच्या इतिहासात शिरलो, आणि उत्तरही तेथेच सापडले.

गाद्या, ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच

प्रतिध्वनी आणि निनाद यांतला फरक आपण नववीत शिकवतो. मूळ ध्वनीनंतर ०.१ सेकंदाहून उशिरा परतलेला ध्वनी वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. त्यासाठी भिंत निदान १७ मीटर दूर हवी. खोलीत मात्र भिंती, छत आणि जमीन यांवरून शेकडो परावर्तने इतक्या दाटीने येतात की कान ती वेगळी करू शकत नाही. ध्वनी रेंगाळत विरत जातो, तो निनाद. रिव्हर्ब म्हणजे हाच.

निनाद मोजण्याचे शास्त्र १८९५ साली एका अडचणीतून जन्मले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात नव्याने बांधलेल्या एका व्याख्यानगृहात बोललेले काही कळत नसे. एकेक शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबली की स्टॉपवॉच सुरू करायचे आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, हा त्यांचा प्रयोग. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून ते खोलीत थोड्या थोड्या वाढवत गेले. गाद्या वाढल्या, तसा निनाद घटत गेला. त्यातून निघालेले सूत्र असे:

निनादकाळ = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण

ध्वनीची तीव्रता मूळच्या दहा लाखाव्या भागावर येण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचे, तर शोषण चौरस मीटरमध्ये.

आपल्या वर्गाचेच उदाहरण घेऊ. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचे घनफळ ९० घनमीटर, तर आतील पृष्ठभाग १२६ चौरस मीटर. गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी सरासरी ३ टक्के ध्वनी शोषतात असे धरले, तर शोषण सुमारे ३.८ येते आणि निनादकाळ ३.८ सेकंद. आता वर्गात ४० मुले बसवा. एका मुलामागे ०.३ चौरस मीटर शोषण धरले तरी १२ ची भर पडते, आणि निनादकाळ ०.९ सेकंदावर उतरतो. सुट्टीत घुमणारा वर्ग मुले आली की 'शहाणा' होतो, तो असा! आमच्या गोधड्यांनीही हेच केले होते, फक्त जरा जास्तच.

सॅबाइन यांच्या सल्ल्याने बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली खुले झाले. श्रोत्यांनी भरलेले असताना त्याचा निनादकाळ दोन सेकंदांच्या जरा खाली असतो. वाद्यवृंदाला तो शोभतो. वर्गातील बोलण्याला मात्र ०.६ सेकंदाच्या आसपासचा पुरतो. निनाद किती हवा, हे काय ऐकायचे त्यावर ठरते.

घुमटापासून मालाडपर्यंत

आपल्या भागात निनादाची आठवण निघाली की विजापूरचा गोल घुमट डोळ्यांसमोर येतो. सतराव्या शतकात मोहम्मद आदिलशहासाठी बांधलेल्या या थडग्याच्या सज्जात केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीस अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यांत हा घुमटही होता. पण इमारत आहे तिथेच राहणार. तिचा निनाद गाण्यात हवा, तर गायकाला तिथे नेण्यावाचून त्या काळी गत्यंतर नव्हते.

बोलपट आले तेव्हा प्रश्न उलटा होता. प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला. कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, पुढच्या वर्षी ती पुण्यास आली. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वीच्या त्या काळात नट कॅमेऱ्यासमोरच गात. अशा वेळी खोलीचा घुमारा शत्रूच, कारण एकदा मुद्रणात शिरलेला निनाद पुन्हा वेगळा काढता येत नसे.

पुढे तोच शत्रू कामाला लावला गेला. १९४९च्या 'महल' चित्रपटात खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या 'आएगा आनेवाला' या गाण्याचा आवाज दुरून जवळ येत जातो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये मायक्रोफोनपासून दूर उभे राहून, गात गात आपण त्याच्याकडे चालत गेलो, असे लताबाईंनी नंतर सांगितले आहे. याचे भौतिकशास्त्र साधे आहे. गायक दूर असताना थेट येणारा ध्वनी क्षीण असतो, पण खोलीचा निनाद जवळजवळ तेवढाच राहतो. जसजसा गायक जवळ येतो, तसतसा थेट ध्वनीचा वाटा वाढतो. अंतर कानाला कळते ते बऱ्याच अंशी या गुणोत्तरावरून. आजच्या अनेक रिव्हर्ब प्लगइनांवर 'ड्राय' आणि 'वेट' असे दोन आकडे असतात. लताबाई चालत गेल्या तो रस्ता म्हणजेच ते दोन आकडे!

न्हाणीघर, पत्रा आणि अंकगणित

गायकाने चालण्याऐवजी निनादच हवा तेवढा मिसळता आला तर? १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी 'हार्मोनिकॅट्स' या वाद्यवृंदाची तबकडी करताना स्टुडिओच्या न्हाणीघरात ध्वनिवर्धक आणि मायक्रोफोन ठेवला, आणि तेथला निनाद मूळ मुद्रणात मिसळला. पण न्हाणीघराचा निनाद बदलता येत नाही. हॅमंड ऑर्गनमध्ये खोलीची जागा स्प्रिंगने घेतली. १९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगला. ध्वनीने तो थरथरे आणि त्याची थरथर निनाद म्हणून टिपली जाई. हे यंत्र पाव टनाहून जड होते, तरी एका खोलीपेक्षा स्वस्तच!

खरी उडी मारली ती अंकगणिताने. बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये दाखवले की ध्वनीचे आकडे थोडा वेळ अडवून धरायचे, जरा क्षीण करायचे आणि पुन्हा मूळ ध्वनीत मिसळायचे, अशी मोजकी वर्तुळे जोडली की निनाद तयार होतो. तेव्हाचे संगणक हे काम तत्काळ करण्याइतके वेगवान नव्हते. १९७६ साली ईएमटीचे आणि १९७८ साली लेक्सिकॉन कंपनीचे अंकीय यंत्र बाजारात आले, पण त्यांच्या किमती मोठ्या स्टुडिओंनाच परवडणाऱ्या होत्या. पुढे घरगुती संगणक वेगवान झाले आणि २०००च्या सुमारास 'फ्रीव्हर्ब' नावाची आज्ञावली कोणीही वापरावी म्हणून खुली केली गेली. तिच्यात दर बाजूला श्रोडर यांचीच आठ आणि चार वर्तुळे आहेत. ऑडॅसिटीतील रिव्हर्ब याच घराण्यातला.

दुसरी वाट खरी खोली 'टिपण्याची'. खोलीत फुगा फोडला की जे विरत जाणारे ध्वनिचित्र उमटते, ते त्या खोलीची जणू सही. गाण्यातील प्रत्येक आकडा हा लहानसा फुगाच मानायचा, प्रत्येकासाठी ती सही उमटवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात. सेकंदाला ४४,१०० आकडे आणि दोन सेकंदांची सही घेतली, तर सरळ पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८९ कोटी गुणाकार होतात! गणिती युक्त्यांनी हे काम कितीतरी पटींनी कमी झाले, आणि १९९९ साली सोनीने असे यंत्र विक्रीस आणले. आज हे काम साधा संगणक करतो, आणि इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठाच्या संग्रहातून अनेक खऱ्या वास्तूंच्या सह्या मिळतात.

मग घ्यायचे काय?

इतिहास वाचून आमचा प्रश्नच बदलला. 'कोणते महाग ते चांगले' हे निरर्थक ठरले, कारण स्वस्त आणि महाग दोन्हींच्या पोटात बरेचसे तेच गणित आहे. म्हणून कानांनाच परीक्षक नेमले. ऑडॅसिटीतील रिव्हर्ब, 'ड्रॅगनफ्लाय' हे मुक्त प्लगइन आणि एका महाग प्लगइनची चाचणीपुरती मिळालेली प्रत अशा तिघांतून एकच गाणे काढले. निनादकाळ आणि मिश्रण सारखे ठेवले आणि नावे न सांगता सर्वांना ऐकवले. गाण्यात कोणालाच खात्रीने फरक सांगता आला नाही. नुसती टाळी ऐकवली तेव्हा मात्र सर्वांत साध्या रिव्हर्बच्या शेपटीत भांड्यासारखा धातूचा नाद कळला. वर्तुळे मोजकी असली की परावर्तने विरळ आणि ठरावीक अंतराने येतात, त्याचा हा परिणाम. टाळी हीच परीक्षेची सर्वांत कडक प्रश्नपत्रिका.

त्यावरून आम्ही ठरवलेले नियम असे. मुद्रण कोरडेच करावे. निनाद नंतर घालता येतो, सहजासहजी काढता येत नाही. मुलांच्या गाण्याला एक ते दीड सेकंद निनादकाळ पुरे. थेट ध्वनी आणि पहिले परावर्तन यांत २० सहस्रांश सेकंदांचे अंतर ठेवले, तर शब्द स्पष्ट राहतात. हे अंतर म्हणजे ध्वनीने सुमारे सात मीटर जास्त चालणे. निनादातले खर्जाचे सूर कमी करावेत. निनाद लक्षात येईल इतका झाला की थोडा मागे घ्यावा. शेवटी मोबाइलच्या लहान ध्वनिवर्धकावरही ऐकून पाहावे, कारण शाळेत तेच वाजणार आहे.

दोन हजारांतून आम्ही प्लगइन घेतले नाही. फुगे घेतले, आणि उरलेल्या पैशांत मायक्रोफोनला चांगला स्टँड. ज्या दिवाणखान्यात पहिले मुद्रण फसले होते, तेथेच फुगा फोडून त्याची सही टिपली आणि फुकट मिळणाऱ्या कन्व्होल्यूशन प्लगइनमधून गोधड्यांच्या खोलीतल्या गाण्यावर ती बेताने चढवली. खोली तीच, जिने शब्द गिळले होते. पण आता किती गिळायचे हे आमच्या हाती होते. मुलांनी ती ऐकताक्षणी ओळखली.

आपल्या शाळेतही हा प्रयोग करता येईल. रिकाम्या वर्गात आणि मुलांनी भरलेल्या वर्गात एकेक फुगा फोडा आणि दोन्ही आवाज मुद्रित करा. ऑडॅसिटीत त्यांचे आलेख एकाखाली एक ठेवा, दोन्ही शेपट्यांची लांबी मोजा आणि सॅबाइन यांच्या सूत्राशी ताडून पाहा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही. का जुळले नाही, यावर वर्गात जी चर्चा होईल, तिच्यासाठी एक तास राखून ठेवा.