श्रीनिकेतन : वैशाखातील श्रमदान आणि विहिरीचे पुण्य

कोलकात्यापासून रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरील बीरभूम जिल्ह्यात एप्रिल आणि मे महिन्यांत तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. लाल जांभ्या मातीचे उघडे माळ आणि तळाला गेलेली तळी हे तेथील उन्हाळ्याचे नेहमीचे दृश्य आहे. याच जिल्ह्यात, शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावी ६ फेब्रुवारी १९२२ रोजी कवी रवींद्रनाथ ठाकूर यांच्या पुढाकाराने ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू झाले. पुढे ते श्रीनिकेतन या नावाने प्रसिद्ध झाले. शहरातील सुशिक्षित तरुणांनी खेड्यात जाऊन ग्रामस्थांबरोबर काम करावे, या विचाराचा भारतातील हा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयोग मानला जातो.

ग्रामीण भागातील श्रमदान उन्हाळ्यातच का होते, असा प्रश्न शहरी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. याचे कारण साधे आहे. तळ्यातील गाळ काढणे, विहीर खोदणे, बांध घालणे ही कामे पाणी आटल्यावरच करता येतात. शेतेही याच काळात मोकळी असतात. मृगाचा पाऊस सुरू झाला की गावाला उसंत नसते. त्यामुळे स्वयंसेवकाला सर्वांत असह्य वाटणारे दिवसच गावाच्या सार्वजनिक कामाचे दिवस असतात. अंगमेहनत पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा सायंकाळी, हा क्रम गावानेच पूर्वीपासून ठरवलेला आहे. बंगालमधील शेतमजूर या दिवसांत रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे पांताभात, मीठ, कांदा आणि मिरचीबरोबर खाऊन कामाला जातो. आपल्याकडील आंबिलीचे जे स्थान, तेच तिकडे पांताभाताचे.

मात्र ऊन ही स्वयंसेवकापुढील मोठी अडचण नव्हे. ती वेगळीच आहे, हे रवींद्रनाथांना श्रीनिकेतनच्या कितीतरी आधी कळले होते.

शिलाइदह परिसरातील (आता बांगलादेशात) घराण्याच्या जमीनदारीची व्यवस्था पाहताना घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे श्रीनिकेतनमधील भाषणात सांगितला होता. एका गावाला आग लागली. जवळ पाणी नव्हते आणि गावकरी हतबल होऊन पाहत राहिले. अखेर शेजारच्या गावातील मुसलमान ग्रामस्थांनी येऊन आग विझवली. त्यानंतर रवींद्रनाथांनी प्रस्ताव मांडला, की गावाने विहीर खोदावी, ती बांधून काढण्याचा खर्च आपण देऊ. गावकऱ्यांनी तो नाकारला. माशाच्याच तेलात मासा तळण्याचा हा प्रकार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खोदायचे आम्ही आणि जलदानाचे पुण्य घेऊन स्वर्गात जाणार तुम्ही, हा त्याचा अर्थ. चैत्र-वैशाखात पाणपोई घालणाऱ्या आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान करणाऱ्या मराठी माणसाला या उत्तरामागील हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. रस्त्याच्या बाबतीतही असेच घडले. कुष्टियापर्यंतचा रस्ता गावकऱ्यांनी दुरुस्त ठेवावा, असे सुचवताच, बाबू लोकांच्या ये-जा करण्यासाठी आम्ही का राबावे, असा प्रश्न आला. प्रश्न विचारणारे रयत होते आणि प्रस्ताव मांडणारे जमीनदार, हे लक्षात घेतले तर या अविश्वासाला आडमुठेपणा म्हणता येणार नाही.

बादलीपासून सुरुवात

सुरुलमधील कामासाठी रवींद्रनाथांनी लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाला बोलावले. केंब्रिजमध्ये इतिहास शिकलेल्या एल्महर्स्ट यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. कामासाठीचा निधी डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन महिलेकडून आला. एल्महर्स्ट यांच्याबरोबर कालीमोहन घोष यांच्यासारखे कार्यकर्ते आणि शांतिनिकेतनचे मोजके विद्यार्थी होते. सफाईसाठी वेगळा माणूस नेमायचा नाही, शौचालयाच्या बादल्या सर्वांनी स्वतः रिकाम्या करायच्या आणि मैला चरात पुरून त्याचे खत करायचे, असा तेथील दंडक होता. उच्चवर्णीय घरांतील मुलांना तो किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते. नांगर धरण्यापूर्वीच त्यांची ही परीक्षा होती.

त्याच वर्षी कोलकात्यात एल्महर्स्ट यांनी ‘जमिनीची लूट’ या विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी रवींद्रनाथ होते. शहर खेड्याकडून धान्य, माणसे आणि बुद्धी घेते, पण जमिनीला काहीच परत करत नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. या दृष्टीने पाहिल्यास स्वयंसेवकाचे काम उपकार न राहता देणे फेडण्याचे काम ठरते.

परिसरातील खेड्यांच्या दुरवस्थेची तीन कारणे एल्महर्स्ट यांनी नोंदवली होती: माकडे, मलेरिया आणि परस्पर अविश्वास. पैकी मलेरियाविरुद्धच्या कामात गावातील मुलांची ‘ब्रतीबालक’ पथके उपयोगी ठरली. डबकी बुजवणे, साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकणे, क्विनाइन वाटणे आणि आग लागल्यास धावून जाणे ही कामे ही मुले करत. बाहेरून आलेला स्वयंसेवक केव्हा तरी परत जातो, ही मुले मात्र गावातच राहणारी होती. ग्रेचेन ग्रीन या अमेरिकन महिलेने तेथे दवाखाना चालवला. पुढे गावकऱ्यांच्या वर्गणीतून सहकारी आरोग्य संस्थाही उभ्या राहिल्या. १९२८ मध्ये श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव सुरू झाला.

या सर्व प्रयत्नांनी बीरभूमचे दारिद्र्य संपले नाही. रवींद्रनाथांची अपेक्षाही मर्यादित होती. एक-दोन गावे जरी स्वतःच्या पायावर उभी राहिली तरी पुरे, असे ते म्हणत. १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. श्रीनिकेतन हा त्याचाच भाग आहे.

महाराष्ट्रातील उन्हाळे

महाराष्ट्रातही श्रमदानाचा हंगाम हाच आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी ऐन मे महिन्यात भरत आली आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ या काळात एप्रिल-मेच्या सुमारासच झाली. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके तिच्यात होते आणि सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. १ मे २०१८ रोजी महाश्रमदानासाठी शहरांतून ‘जलमित्र’ मोठ्या संख्येने गावोगावी गेले होते. तोपर्यंत त्या गावांचे काम सुरू होऊन तीन आठवडे झालेले होते. गाळाचे टोपले आधी गावाने उचलले होते, पाहुण्यांनी त्या रांगेत उभे राहायचे होते. शिलाइदहच्या ग्रामस्थांनी घेतलेला आक्षेप येथे उद्भवत नव्हता, कारण विहीर कोणाची आणि पुण्य कोणाचे, हे ग्रामसभेत अगोदरच ठरलेले होते.