वेगमर्यादाभंग : दंडाकडून समुपदेशनाकडे
(वाहनचालकांच्या नाराजीचा एक ऐतिहासिक विचार)

प्रस्तावना

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे सागरतीरावरील प्राचीन शिवमंदिरामुळे 'दक्षिण काशी' म्हणून ख्यात आहे. महाशिवरात्रीची यात्रा सरली की हा सारा परिसर वेगळ्याच लगबगीत गुंततो. ही लगबग हापूस आंब्याची असते. बागांतून उतरविलेला आंबा पेट्यांत भरला जातो, पेट्या टेम्पोत चढतात आणि चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर रात्रीतून कापून नवी मुंबईतील वाशीच्या बाजारात सकाळच्या व्यवहारापूर्वी पोहोचणे हे चालकाचे कर्तव्य ठरते. गाडी उशिरा पोहोचली तर भाव घसरतो आणि त्याचा जाब चालकाला द्यावा लागतो. गाडी वेगाने हाकली तर तोच चालक वेगमर्यादाभंगाचा गुन्हेगार ठरतो.

अशा चालकाला अडवून केवळ दंड न करता त्याला 'समुपदेशना'च्या वर्गात बसविण्याची पद्धत गेल्या दशकात आपल्याकडे रुजू लागली आहे. ब्रिटनमध्ये ती त्यापूर्वीच रूढ झाली होती. शिक्षेऐवजी शिक्षण ही कल्पना तत्त्वतः उदात्त आहे, यात शंका नाही. तथापि ज्यांच्यासाठी ती योजिली तो चालकवर्ग तिच्याविषयी नाराज दिसतो. ही नाराजी निव्वळ हटवादीपणा मानावी, की तिच्यात धोरणाच्या एखाद्या उणिवेची खूण शोधावी, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

गलबतापासून टेम्पोपर्यंत

कोकण किनाऱ्यावर मोटार येण्यापूर्वी मालवाहतुकीचा वेग निसर्गाच्या स्वाधीन होता. देवगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी मुंबईशी जोडलेली होती. वारा पडला तर गलबत थांबे आणि पावसाळ्यात वाहतूकच बंद राही. उशीर झाला तर दोष वाऱ्याला जाई, तांडेलाला कोणी वेगाचा जाब विचारीत नसे.

रस्ता आला तसे हे चित्र पालटले. १९४८ साली राज्य परिवहनाची बस सुरू झाली, वेळापत्रक गावोगाव पोहोचले आणि मालमोटारीने आंब्याला रात्रीचा प्रवास घडविला. १९९६ मध्ये फळांचा घाऊक बाजार मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीस गेला, तरी पहाटेची घाई तशीच राहिली. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून रेंगाळत गेल्याने अनेक चालकांना फोंडा वा गगनबावडा घाट चढून कोल्हापूर-पुण्याचा मार्ग धरावा लागला. म्हणजे खराब रस्त्यावर गेलेला वेळ चांगल्या रस्त्यावर भरून काढण्याचा मोह, किंबहुना सक्ती, या प्रवासाच्या रचनेतच आहे. वेग हा येथे चालकाच्या स्वभावाचा भाग कमी आणि व्यवहाराच्या घड्याळाचा भाग अधिक आहे.

कायद्याच्या दृष्टीने वेग

यंत्रवाहनाच्या वेगाला कायद्याने बांधण्याची परंपरा आपण ब्रिटनकडून घेतली. तेथील १८६५ च्या कायद्याने वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल अशी मर्यादा घातली होती, आणि गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्याचे बंधन होते. १९०३ च्या मोटारविषयक कायद्याने ही मर्यादा ताशी वीस मैल केली व चालकाला परवाना बंधनकारक केला. त्यामुळे शिक्षेला दंडाखेरीज दुसरे साधन मिळाले, ते म्हणजे परवान्यावरील शेरा.

हिंदुस्थानात १९१४ च्या भारतीय मोटार वाहन अधिनियमाने सार्वजनिक जागी धोकादायक वेगाने गाडी चालविणे हा गुन्हा ठरविला. १९३९ च्या अधिनियमाने वाहनांच्या वर्गवारीनुसार वेगमर्यादांचे परिशिष्टच जोडले. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या अधिनियमात कलम १८३ अन्वये पहिल्या गुन्ह्यास चारशे व पुढील गुन्ह्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये केला, आणि पुनरावृत्ती झाल्यास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने वाढीव दंडाची अंमलबजावणी आरंभी रोखून धरली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये केली.

या कलमाचा एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या नोकराला वा आपल्या नियंत्रणाखालील व्यक्तीला मर्यादेबाहेर गाडी चालविण्यास लावणारा मालकही दोषी असतो, असे कायदा म्हणतो. इतकेच नव्हे, तर ठराविक वेळात प्रवास पुरा करावा असे वेळापत्रक प्रसिद्ध केले वा तशी सूचना दिली, आणि वेगमर्यादा न मोडता त्या वेळात पोहोचणे व्यवहार्य नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर ते वेळापत्रक वा ती सूचना हाच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. १९३९ च्या कायद्यातील हे तत्त्व १९८८ मध्ये कायम राहिले आणि २०१९ च्या दुरुस्तीनेही ते काढले नाही. याचा अर्थ, वेगामागे वेळेची सक्ती असू शकते हे विधिमंडळाला फार पूर्वीच उमगले होते.

ब्रिटनमधील पर्यायी वर्ग

ब्रिटनमध्ये १९८२ पासून दोषांकांची पद्धत सुरू झाली. मर्यादाभंगास सामान्यतः तीन दोषांक मिळतात आणि तीन वर्षांत बारा दोषांक साचले की परवाना गमावण्याची वेळ येते. १९८८ च्या नॉर्थ समितीच्या अहवालानंतर चुकलेल्या चालकाला पुन्हा शिकविण्याच्या विचाराला बळ मिळाले. १९९१ पासून डेव्हन परगण्यात तसा उपक्रम सुरू झाला आणि पुढील काळात वेगजागृतीचे वर्ग देशभर पसरले.

या योजनेचे मर्म तिच्या ऐच्छिकतेत आहे. मर्यादा थोड्या प्रमाणात ओलांडणाऱ्याला विचारले जाते, की दंड व दोषांक स्वीकारणार, की शुल्क भरून वर्गाला बसणार. वर्ग स्वीकारला तर दोषांक टळतात, मात्र ही सवलत तीन वर्षांत एकदाच मिळते. तरीही तेथील चालक कुरकुरतात. वर्ग हे महसुलाचे साधन झाले आहे, अनुभवी माणसाला शाळकरी पोरासारखे बसविले जाते, पगारी कामाचे तास वाया जातात, असे आक्षेप घेतले जातात. दुसऱ्या बाजूस, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय मूल्यमापनात वर्गाला बसलेल्यांकडून पुढील सहा महिन्यांत पुन्हा मर्यादाभंग होण्याचे प्रमाण १२ ते २३ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांच्या संख्येवर मात्र निश्चित परिणाम सिद्ध करता आला नाही. थोडक्यात, कुरकुरत बसलेला चालकही काही शिकून जातो, पण त्या शिक्षणाची पोच मर्यादित असते.

आपल्याकडील समुपदेशन

भारतात या विचाराला चालना मिळाली ती न्यायालयाच्या द्वारे. कोइमतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांच्या जनहित याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रस्ता सुरक्षा समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन तिचे अध्यक्ष होते. ऑगस्ट २०१५ मध्ये या समितीने राज्यांना निर्देश दिले की, वेगमर्यादाभंगासारख्या गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा आणि हेल्मेट वा आसनपट्टा न वापरणाऱ्यांना दंडापूर्वी किमान दोन तासांचे रस्ता सुरक्षा शिक्षण व समुपदेशन द्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने निलंबित परवाना परत मिळविण्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट घातली.

दोषांकांची पद्धत मात्र देशपातळीवर आली नाही. २०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात ती होती, पण त्या मसुद्याचा कायदा झाला नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीत तिला स्थान मिळाले नाही. हैदराबादेत ऑगस्ट २०१७ मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला, तो अपवादात्मकच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात वेगाशी थेट जोडलेला समुपदेशनाचा ठळक प्रयोग समृद्धी महामार्गावर झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यानंतर अपघातांची मालिका सुरू झाली. तेव्हा २०२३ च्या एप्रिलच्या सुमारास परिवहन विभागाने मर्यादा ओलांडणाऱ्या चालकांना महामार्गावरील केंद्रांत बसवून समुपदेशन करण्यास आरंभ केला. या प्रयत्नामागील तळमळ खरी होती. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक खासगी बसला लागलेल्या आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, हे स्मरले म्हणजे अशा उपायांना थिल्लर म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

नाराजीचे स्वरूप

ब्रिटनमधील आणि आपल्याकडील नाराजी वरवर सारखी दिसली तरी तिची मुळे भिन्न आहेत. तेथील चालकाला वर्गाच्या बदल्यात काही मिळते, म्हणजे त्याचे दोषांक टळतात. आपल्याकडे टाळण्याजोगे दोषांकच नाहीत. वर्ग हा दंडाचा पर्याय होण्याऐवजी दंडाच्या जोडीला येतो. परिणामी तो चालकाला संधी वाटत नाही, आणखी एक शिक्षा वाटते.

दुसरा भेद वेळेच्या मूल्याचा आहे. दंड पैशाने भरता येतो आणि प्रसंगी मालक तो भरतो. वर्गात मात्र चालकाने स्वतः बसावे लागते. स्वतःची मोटार हाकणाऱ्या पगारदाराचे दोन तास जातात, ते गैरसोयीचे असतात इतकेच. आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या भाडोत्री चालकाचे तेच दोन तास पहाटेचा बाजार चुकविणारे ठरतात. ज्या उशिराच्या भयाने त्याने वेग वाढविला, तोच उशीर वर्गाने त्याच्या पदरी घातला. वर्गातून सुटलेला चालक पुढच्या टप्प्यात गाडी सावकाश हाकील, की गेलेला वेळ भरून काढील, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

तिसरी अडचण यंत्राने निर्माण केली आहे. २०१९ च्या सुमारास 'एक राज्य एक चलान' पद्धत राज्यभर पसरली आणि वेग पकडण्याचे काम अधिकाधिक कॅमेऱ्याकडे गेले. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत द्यावयाची असते, आणि ती जाते नोंदणीकृत मालकाकडे. गाडी प्रत्यक्ष कोण हाकत होता, हे कॅमेरा विचारीत नाही. त्यामुळे मालकाला चलान मिळते, चालकाच्या पगारातून रक्कम कापली जाते आणि शिक्षण कोणालाच मिळत नाही. वर्गात पोहोचतो तो केवळ हाताने अडविला गेलेला. एकाच गुन्ह्याचे दोन चालकांना दोन निराळे परिणाम भोगावे लागतात, ही विषमता नाराजीत भर घालते. जुलै २०२५ च्या प्रारंभी राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध पुकारलेला संप हा याच साचलेल्या असंतोषाचा उद्रेक होता.

अर्थात या नाराजीचे उदात्तीकरण करणेही अनुचित होईल. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. ताशी साठऐवजी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. भरलेला टेम्पो घाट उतरत असेल तर या गणिताला दयामाया नसते. वाशीची पहाट गाठण्याची निकड कितीही खरी असली, तरी तिची किंमत समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने का मोजावी, या प्रश्नाला चालकांपाशी उत्तर नाही. प्रश्न इतकाच आहे की ही किंमत एकट्या चालकाच्या अज्ञानाच्या खात्यावर मांडणे इतिहासाला धरून आहे काय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शंभर वर्षांहून अधिक काळात वेगावरील शिक्षेचे चलन बदलत गेले. आधी ती पैशात मोजली गेली, मग परवान्यात आणि आता वेळेत. पैशाची शिक्षा मालकापर्यंत पोहोचू शकत होती. वेळेची शिक्षा मात्र चाकामागे बसलेल्यापाशीच थांबते. समुपदेशन असे गृहीत धरते की, चालकाला वेगाचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत म्हणून तो वेगाने जातो. देवगड-वाशी मार्गावर रात्री जागून काढणाऱ्या चालकाला ते पुरेपूर ठाऊक असतात. वाटेवरचे अपघात तो वर्ग घेणाऱ्यापेक्षा अधिक वेळा पाहतो.

म्हणून वर्ग बंद करावेत असा निष्कर्ष काढता येत नाही. तथापि, वर्ग हा दंडाचा खरा पर्याय असावा, म्हणजे तो स्वीकारणाऱ्याला काही सवलत मिळावी. तो प्रवास अडवून घेण्याऐवजी चालकाच्या सोयीच्या दिवशी त्याच्या तालुक्यात घेतला जावा. कॅमेऱ्याने पकडलेल्या चालकालाही तो लागू व्हावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेळापत्रक वा सूचना मालकाविरुद्ध पुरावा मानणारी तरतूद कायद्यात असताना, गाडी अमुक वेळेला बाजारात पाहिजेच असे फर्मावणाऱ्यालाही त्याच वर्गात चालकाशेजारी बसविले जावे. वर्गात विचारण्याचा पहिला प्रश्न 'तू इतक्या वेगाने का गेलास?' हा नसून 'तुला किती वाजता पोहोचायला सांगितले होते?' हा असला पाहिजे. त्याचे उत्तर नोंदवून घेतले जाईल, तेव्हा चालकांची नाराजी निदान निम्म्याने निवळेल, आणि शिक्षेऐवजी शिक्षण या कल्पनेलाही तिचा खरा अर्थ लाभेल.