मंडईची खेप

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी जुन्या दिवसांविषयी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काही इतिहास शिकलेली नाही. मला फार तर मंडईतले भाव ठाऊक." त्या म्हणाल्या, "मग मंडईविषयीच लिहा." लिहायला बसले आणि लक्षात आले की, ज्या मंडईत मी इतकी वर्षे पिशव्या भरल्या, ती कोणी बांधली, केव्हा बांधली, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. मग नातीच्या मदतीने थोडे वाचून काढले. त्यातले काही आणि आठवणीतले काही असे येथे देत आहे.

आपल्या तरुण भगिनींना आधी एक खुलासा केला पाहिजे. पिंपरीहून पुण्याला भाजी आणायला जात होता की काय, असे त्या विचारतील. रोजच्या भाजीसाठी कोण जाईल! मेथी-पालक पिंपरीच्या बाजारातही मिळे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी कॅम्पात कापडाची दुकाने मांडली होती, तीही जवळच होती. पुण्याची खेप असे ती लोणच्याच्या कैऱ्यांसाठी, गौरीगणपतीच्या सामानासाठी, लेकीच्या रुखवतासाठी, पितळेच्या समईसाठी. म्हणजे वर्षातून पाचसहा वेळा. पण त्या पाचसहा दिवसांची वाट आम्ही वर्षभर पाहत असू.

मी १९६७ साली लग्न होऊन पिंपरीस आले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झालेला, त्यामुळे पेनिसिलीनचे गाव म्हणून पिंपरीचे नाव आमच्या गावाकडेही ऐकू येई. औद्योगिक वसाहतीतील इतर कारखाने एकामागून एक उभे राहत होते. नगरपालिका अजून व्हायची होती, ती १९७० साली झाली. रस्त्याच्या एका बाजूला नवी चिमणी आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचे शेत, असे ते दिवस. शेजारपाजार सगळा परगावचा. कोणी साताऱ्याकडची, कोणी खानदेशातली, कोणी कोकणातली. माहेर दूर, सासर दूर, आणि घरचा माणूस पाळीवर. अशा बायकांना एकत्र यायला निमित्त लागे, आणि आमचे पहिले निमित्त मंडळ नव्हे, मंडईच होते.

पुढे वसाहतीची साप्ताहिक सुटी गुरुवारी आली. ती आमच्या फार सोयीची झाली. पुण्याला रविवारची गर्दी नसे आणि मुलांना सांभाळायला घरी वडीलमाणूस असे. पी. एम. टी. च्या बसने किंवा आगगाडीने शिवाजीनगरपर्यंत जायचे, आणि तेथून नव्या पुलावरून शनिवारवाड्याकडे पायी. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर येणे-जाणे अधिक सोपे झाले. पायीच का, असे माझी नात विचारते. रिक्षाचे पैसे वाचवून श्रीकृष्ण भुवनची मिसळ खायची असे, हे तिला आता सांगायला हरकत नाही. घरी मात्र "रिक्षा मिळाली नाही" एवढेच सांगत असू.

शनिवारवाड्याचे नाव निघाले म्हणून सांगते. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी या वाड्यासमोरच्या पटांगणातच उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने पक्की मंडई बांधायचे मनावर घेतले आणि १८८२ साली शुक्रवार पेठेत काम सुरू झाले. १८८६ च्या ऑक्टोबरात ती उघडली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच मनोरा आणि चहूबाजूंना पसरलेल्या दगडी शाखा. सगळा थाट इंग्रजांच्या देवळासारखा आणि आत मात्र कोथिंबीर! माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थबकल्या आणि चप्पल काढू का, असे त्यांनी मला विचारले होते.

आता एक गोष्ट अशी की, ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले. ही मंडई बांधण्याचा विचार निघाला तेव्हा नगरपालिकेच्या सदस्यांत स्वतः जोतीराव फुले होते. १८७६ पासून सुमारे सहा वर्षे ते सदस्य होते. त्यांनी या खर्चास विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः माळी समाजातले. पेशव्यांना फुले पुरवीत म्हणून घराण्याला फुले हे नाव पडलेले. तेव्हा भाजी पिकवणाऱ्याचे हित त्यांना कळत नव्हते, असे कोण म्हणेल? मंडईचे दगड घडवले जात होते त्याच सुमारास, १८८३ साली, ते 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यांचे म्हणणे बाजूला पडले आणि मंडई झाली. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. ज्याने नको म्हटले, त्याचेच नाव! मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही तेच झाले, तीही आता महात्मा जोतीबा फुले मंडई आहे. दोन शहरांनी दोन बाजार त्यांच्या नावे केले. एखाद्या वर्षीचा बाजाराचा खर्च शाळांच्या नावे केला असता, तर जोतीरावांना ते अधिक आवडले असते, असे मला वाटते.

या गोष्टीने मला स्वस्थ का बसवले, ते सांगते. आमच्या शेजारी साताऱ्याकडच्या एक वहिनी राहत. हिशेबात इतक्या तरबेज की, पावशेर आणि पाव किलो यांतला फरक त्या बोटांवर काढून दाखवीत. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा, तेव्हा पावशेर म्हणून मागायचे आणि पाव किलोच्या मापाने घ्यायचे, ही शिकवण त्यांचीच. आठनऊ वर्षे त्या माझ्याबरोबर मंडईस आल्या, पण एकट्या कधी गेल्या नाहीत. त्यांना शहराची भीती वाटते, अशी माझी समजूत. एकदा मला ताप होता, म्हणून मी त्यांना म्हटले, "वहिनी, या वेळी तुम्हीच जाऊन या." त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, बसची पाटी वाचता येत असती, तर इतकी वर्षं तुमच्या मागं कशाला लागले असते?"

मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. आठनऊ वर्षे मी बरोबर होते आणि मला कळले नव्हते.

आपल्या मंडळाचा दुपारचा साक्षरता वर्ग सुरू झाला, त्यामागे जी कारणे होती त्यांत हेही एक. वहिनी पहिल्याच तुकडीत बसल्या. वर्षभराने एका गुरुवारी संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी. एकट्या जाऊन आल्या होत्या. पिशवीत अळूच्या दोन जुड्या आणि एक लाल भोपळा. दोन्ही पिंपरीत मिळत होते. मी हसले, त्याही हसल्या.

आम्ही शिवाजी रस्त्याने मंडईस जात असू, त्या वाटेवर दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तेथे. आम्ही गणपतीला हात जोडून पुढे जात असू. समोरच्या जुन्या वाड्याकडे मान वळवल्याचे मला आठवत नाही. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. त्या शाळेपासून ही मंडई चार पावलांवर. आमच्या वहिनींना मात्र मंडई आधी भेटली आणि शाळा मागाहून.

तरीही मंडई बांधली हे बरे झाले, असेही मी म्हणेन. जोतीरावांचा मान राखून म्हणेन. पक्क्या छपराखाली, नेमलेल्या गाळ्यावर बसून भाजी विकणाऱ्या कितीतरी बायकाच होत्या, आणि घेणाऱ्याही बायकाच. दोघींच्या मध्ये तराजू. घरी खर्चाचा हिशेब पुरुषांच्या हाती असे, पण गाळ्यासमोर उभे राहिल्यावर "द्या" म्हणायचे की "नको" म्हणायचे, हे आमचे आम्ही ठरवीत असू. विकणारीची जीभ तर अशी की, भल्याभल्या वकिलाने हार घ्यावी. मंडई विद्यापीठ असा शब्द पुण्यात उगाच रूढ झाला नाही. तेथे राजकारणाच्या सभा गाजत. लोकमान्यांचा पुतळाही तेथेच बसवला गेला, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. मंडईतील शारदा-गजाननाची तर मला विशेष आवड. गणपतीशेजारी शारदा बसलेली असे दर्शन उत्सवात क्वचितच होते.

एका वर्षी आमच्या यजमानांच्या कारखान्यात संप लांबला. दिवाळी तोंडावर आणि घरात पैसा नाही. तरी मी सवयीने गेले, नुसते पाहून यावे म्हणून. नेहमीच्या गाळ्यावरच्या मावशींनी पिशवी रिकामी पाहिली, विचारले काही नाही. कांदे, बटाटे, दोन नारळ भरले आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला द्या." पुढची खेप तीन महिन्यांनी झाली. मी पैसे दिले ते त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत. त्यांचे नाव मी कधी विचारले नव्हते आणि त्यांनी माझे.

तुळशीबागेविषयी लिहायचे तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. सरदार नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशवाईत तेथे रामाचे देऊळ बांधले, आणि देवाभोवती हळदीकुंकू, मूर्ती, समया, बांगड्या, भातुकली असा बायकांचा बाजार वाढत गेला. रामाच्या दर्शनाला जाते म्हटले की घरचे अडवीत नसत. रामराया सर्व जाणून होता! भातुकलीच्या पितळी चुलीसाठी माझ्या लेकीने तेथे रस्त्यावर बसकण मारली होती. आता तिची लेक तेथे कानातल्यांसाठी तितकाच हट्ट करते. उन्हाळ्यात कावरे यांचे आइस्क्रीम झाल्याशिवाय परतायचे नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळला.

तुळशीबागेत घासाघीस केली नाही तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखे वाटे, आणि पलीकडे लक्ष्मी रस्त्यावर "एकच भाव" अशी पाटी. हा रस्ता दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या नावाचा. बाईच्या नावाचा रस्ता, आणि त्यावर १८८४ साली निघालेली हुजूरपागा ही मुलींची शाळा. साड्यांच्या दुकानांच्या रांगेत तिचे फाटक पटकन दिसत नाही. ठरलेल्या भावाची ही रीत पाश्चात्त्य. पॅरिसला बूसिको नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ नंतर बाँ मार्शे हे दुकान वाढवले. एका छपराखाली सारा माल, वस्तूवर भाव लिहिलेला, आत येऊन काही न घेता परत गेले तरी कोणी हटकत नसे. त्याचे तिकडे मोठे कौतुक झाले. आमच्या मंडईत छप्पर एक होते, माल सारा होता, आणि काही न घेता परत निघालेल्या बाईला मागून दोन शब्द ऐकवले जात. तेवढा फरक.

मंडळाची मोठी भांडी आम्ही रविवार पेठेतील बोहरी आळीतून आणली. भिशीचे पैसे जमवून पातेली, पराती आणि दोन डझन ताटे घेतली. नाव घालणाऱ्याने यंत्राने भराभर अक्षरे कोरली आणि मंडळाच्या "महिला"तील वेलांटी ऱ्हस्वाऐवजी दीर्घ केली. वहिनींनी ती चूक तेथल्या तेथे पकडली. वर्गात बसून सहा महिने झाले होते त्यांना. पण तोवर सातआठ ताटांवर कोरून झाले होते. ती ताटे आजही कपाटात आहेत. हळदीकुंकवाला ज्यांच्या पुढ्यात येतील त्यांनी पाहून घ्यावे.

घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईची पहाटेची धांदल कमी झाली. इकडे आपल्या भागातही मॉल झाले. सुना तेथे जातात, मीही जाते. थंडगार हवा आणि सरकते जिने कोणाला नकोत? पण २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट मंडईपर्यंत जाऊ लागली आहे. पिंपरीस महापालिकेच्या स्थानकात बसायचे, गाडी बदलायची नाही, आणि मंडई आली की उतरायचे. वहिनी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या महिन्यात आम्ही दोघी गेलो. गाडीच्या दारावर पुढच्या स्थानकांची नावे दिव्यांनी उजळतात. त्यांनी चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचले. डब्यातली मुले वळून पाहू लागली, तरी त्या थांबल्या नाहीत.

येत्या चैत्रात, कैऱ्या आल्या की, मंडळाची सहल मंडईस न्यावी असे ठरले आहे. जाताना भिडेवाड्याच्या जागेपाशी थांबायचे आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत आणि पिशव्या ज्याच्या त्याने आणाव्यात.