वकिलाच्या चुकीमुळे अपिलाची मुदत उलटली तर : विलंब माफीचा अर्ज

निकाल विरोधात गेला, वकिलांना अपील करायला सांगितले, फीही दिली आणि काही महिन्यांनी कळले की अपील दाखलच झालेले नाही. अशा वेळी मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ नुसार विलंब माफीचा अर्ज करता येतो. भिलाईतील पावर हाउस आणि परिसरातील मराठी भाषिकांना उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे. कायदा केंद्राचा असल्याने महाराष्ट्रातही नियम तेच आहेत.

कलम ५ काय सांगते?

मुदतीत अपील न करण्यामागे ‘पुरेसे कारण’ होते, अशी न्यायालयाची खात्री पटली तर उशिरा आलेले अपीलही दाखल करून घेता येते. माफी हा पक्षकाराचा हक्क नाही. ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. मूळ दाव्याला हे कलम लागू होत नाही.

अपिलाच्या नेहमीच्या मुदती

- दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात (भिलाईकरांसाठी दुर्ग) : ३० दिवस
- जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात (बिलासपूर) : ९० दिवस
- फौजदारी शिक्षेविरुद्ध आरोपीचे अपील : उच्च न्यायालयात ६० दिवस, इतर न्यायालयात ३० दिवस (फाशीच्या शिक्षेत ३० दिवस)
- एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज : ३० दिवस

निकालाचा दिवस मोजला जात नाही. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवसही वगळले जातात. मात्र प्रतीसाठीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच केलेला असावा.

वकिलाची चूक हे पुरेसे कारण आहे का?

चूक वकिलाची होती एवढे सांगून भागत नाही. पक्षकार स्वतः जागरूक होता का, हे न्यायालय पाहते. सर्वोच्च न्यायालयाच्या पुढील निकालांतून हे स्पष्ट होते.

- रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) : वकील गैरहजर राहिल्याने अपील निकालात निघाले होते. वकील नेमून, फी देऊन निर्धास्त असलेल्या पक्षकाराला वकिलाच्या कसुरीची शिक्षा नको, असे ठरले.
- एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती (१९९८) : वकिलाने काहीच हालचाल न केल्याने ८८३ दिवस उशीर झाला होता. तो माफ झाला. किती दिवस गेले यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का, हे महत्त्वाचे मानले गेले.
- सलिल दत्ता प्रकरण (१९९३) : येथे पक्षकार खासगी कंपनी होती. वकिलाच्या सल्ल्यावर बोट ठेवून तिला सुटका मिळाली नाही.
- मणिबेन देवराज शाह विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका (२०१२) : पालिकेची अपिले ७ वर्षांहून अधिक उशिरा आली होती. उच्च न्यायालयाने दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.
- रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश (२०२४) : सगळा दोष वकिलावर टाकून पक्षकार हात झटकू शकत नाही, आपल्या खटल्याकडे त्याने स्वतःही लक्ष ठेवले पाहिजे.

कोणत्या दिवसांचा खुलासा द्यायचा?

रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स या प्रकरणात ठरल्याप्रमाणे, खुलासा मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून अपील दाखल होईपर्यंतचा द्यायचा असतो.

उदाहरण : निकाल १ ऑगस्टला लागला. प्रतीसाठी ११ ऑगस्टला अर्ज केला, प्रत २० ऑगस्टला तयार झाली. ३० दिवसांत हे १० दिवस मिळवले की शेवटची तारीख १० सप्टेंबर येते. अपील दाखल नसल्याचे १५ नोव्हेंबरला कळले आणि २० नोव्हेंबरला ते दाखल केले, तर उशीर ७१ दिवसांचा. १५ नोव्हेंबरपर्यंत वकिलावर विसंबून का राहिलो आणि नंतरचे पाच दिवस कशात गेले, हे दोन्ही लिहावे लागते. चूक कळल्यानंतरही महिनोन् महिने गेले, तर वकिलाचे कारण तिथेच कमकुवत होते.

अर्ज कसा करावा?

१. नवीन वकील नेमा, जुन्या वकिलांकडून कागदपत्रे परत घ्या. ती मिळत नसतील तर लेखी मागणी करून तिची प्रत ठेवा.
२. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करा.
३. दिवाणी अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या.
४. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची भीती असेल तर अर्ज लवकर सुनावणीला घेण्याची विनंती करा. अपील ऐकायचे असे न्यायालय ठरवीपर्यंत स्थगिती मिळत नाही. घराचा ताबा किंवा जप्तीचा प्रश्न असेल तर एकेक दिवस मोलाचा ठरतो.

सोबत जोडायचे पुरावे

- फीची पावती किंवा पैसे पाठवल्याची नोंद
- वकिलांशी झालेले संदेश, पत्रे, फोनच्या तारखा
- वकील आजारी होते किंवा त्यांचे निधन झाले असल्यास त्याचा दाखला
- अपील दाखल नसल्याचे कधी व कसे कळले, याचा तपशील

खोटे कारण देऊ नका. ते उघड झाले तर अपिलाचा मार्गच बंद होऊ शकतो.

भिलाईतील मराठी भाषिकांसाठी

दुर्गच्या न्यायालयातील कागदपत्रे बहुधा हिंदीत असतात. मुदतीला ‘परिसीमा’, प्रतिज्ञापत्राला ‘शपथपत्र’, प्रमाणित प्रतीला ‘प्रमाणित प्रतिलिपि’ म्हणतात. मजकूर समजून घेतल्याशिवाय सही करू नका; त्यातल्या तारखांची जबाबदारी तुमची असते.

मोफत विधी सेवा

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

वकिलाविरुद्ध तक्रार

गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही. तक्रार केल्याने अपिलाची मुदत मात्र वाढत नाही. त्यासाठी विलंब माफीचा अर्जच करावा लागतो.

लक्षात ठेवा

- काही विशेष कायद्यांत माफीलाही मर्यादा आहे. लवाद निवाड्याला आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि त्यावर फार तर ३० दिवस मिळतात. जीएसटीच्या पहिल्या अपिलात तीन महिन्यांवर एकच महिना वाढू शकतो. त्यापुढे कारण कितीही खरे असले तरी उपयोग होत नाही.
- ई-कोर्ट्स संकेतस्थळावर किंवा ॲपवर १६ अंकी सीएनआर क्रमांक टाकून आपल्या खटल्याची स्थिती स्वतः पाहता येते. अपील दाखल केल्याचे वकिलांनी सांगितले की त्याचा क्रमांक मागून घ्या. क्रमांक मिळत नसेल तर त्याच आठवड्यात न्यायालयात जाऊन चौकशी करा.