‘रेडियस’: ब्रॉडबँडच्या दारावरचा पहारा

घरातील राउटर सुरू केला की दिवे लुकलुकतात आणि थोड्याच वेळात इंटरनेट मिळते. कोणी क्रमांक फिरवत नाही. तरीही अनेक घरांतील राउटर तेवढ्यात ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द सांगून आत घेण्याची विनंती करत असतो. ही रीत दूरध्वनीला जोडलेल्या मोडेमच्या काळातील आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात विद्यापीठांना जोडणारे जाळे ‘मेरिट’ ही संस्था चालवते. त्या काळी घरून जाळ्यात शिरायचे तर दूरध्वनी लावावा लागे. तो उचलणारी यंत्रे ठिकठिकाणी बसवलेली असत. प्रत्येक यंत्रात सर्वांची नावे ठेवायची म्हटली, तर एक विद्यार्थी नवा आला की सगळ्या याद्या बदलणे आले! १९९१ मध्ये मेरिटने नव्या व्यवस्थेसाठी उत्पादकांकडे विचारणा केली. कॅलिफोर्नियातील लिव्हिंग्स्टन कंपनीने सुचवलेला मार्ग म्हणजे ‘रेडियस’. त्यात दारावरचे यंत्र स्वतः काही ठरवत नाही. शाळेच्या फाटकावरचा शिपाई पाहुण्याला थांबवून कार्यालयात विचारून येतो, तसे ते मध्यवर्ती संगणकाला विचारते. उत्तर येते ‘स्वीकार’ किंवा ‘नकार’. किती वेळ आत राहू द्यायचे, हेही स्वीकाराबरोबर कळवता येते. १९९७ मध्ये या पद्धतीचा तपशील सर्वांसाठी प्रसिद्ध झाला.

मग ब्रॉडबँड आले. तार कायम जोडलेली. ग्राहक ओळखायचा कसा? कंपन्यांकडे रेडियसची व्यवस्था उभीच होती. म्हणून १९९९ मध्ये ‘पीपीपीओई’ हा नियमसंच निघाला. मोडेमवर चालणारे संभाषणच ईथरनेटच्या पाकिटात घालायचे, ही त्यातली युक्ती. या वेष्टनापायी १५०० बाइटच्या पाकिटातील ८ बाइट खर्ची पडतात. जुनी घडी न मोडण्याची ही किंमत आम्हाला तरी स्वस्तच वाटते.

महाग पडले ते वेगळेच. कार्यालयाचे उत्तर खरे कशावरून? शिपाई व कार्यालय यांच्यात एक गुपित शब्द ठरलेला असतो. उत्तराच्या शेवटी तो जोडायचा आणि सगळ्याचा मिळून ‘एमडी५’ या गणिती कृतीने १२८ बिटांचा ठसा काढायचा. उत्तरासोबत ठसा जातो, गुपित जात नाही. शिपाई तोच ठसा स्वतः काढून पडताळतो.

पण एमडी५ मजकूर तुकड्यातुकड्याने, पुढून मागे वाचते. दोन वेगळे मजकूर वाटेत एकाच आकड्यावर येऊन पोचले, तर त्यापुढे दोन्हींना सारखीच शेपटी जोडल्यावर ठसाही सारखाच येतो. इथे ती शेपटी म्हणजे नेमके गुपित! एकच ठसा असलेले दोन मजकूर बनवता येतात, हे चीनच्या शियाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवले होते. तरी रेडियस चालू राहिले. अखेर जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखवले, की वाटेत बसलेला माणूस गुपित न जाणताही ‘नकारा’वरचा ठसा ‘स्वीकारा’ला लावू शकतो, आणि तेही काही मिनिटांत.

त्यावरचा मुख्य उपाय नवा नव्हता. गुपित अधिक भक्कमपणे गुंफणारा एक दुसरा ठसा २००० सालच्या दस्तऐवजात दिलेलाच होता. साध्या परवलीच्या शब्दावर चालणाऱ्या प्रवेशासाठी मात्र तो ऐच्छिक ठेवला होता.