धुराड्याच्या सफाईचा दर : लंडनमधील एक हिशेब

सफाईच्या कामाचा दर काढताना छोटा व्यावसायिक मजुरी, साहित्य, जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडा नफा यांची बेरीज करतो. या यादीत एखादा खर्च धरलाच नाही, तर तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागतो. याचे उदाहरण म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांचा धंदा पाहू.

लंडनमध्ये तेव्हा घरोघरी दगडी कोळसा जळत असे. काजळी साठली की धुराड्याला आग लागे, म्हणून सफाई टाळता येत नसे. दर साधारणपणे घर किती मजली यावर ठरे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास या धंद्याचे तपशील नोंदवले. त्यात नेहमीची गिऱ्हाइके असलेले प्रतिष्ठित मालक आहेत, तसे दारोदार फिरून पडेल भावाने काम उचलणारेही आहेत. जमेच्या बाजूला आणखी एक रक्कम असे, ती काजळीची. शेतकरी ती खतासाठी घेत; मेह्यूने भाव दिला आहे बुशेलला (सुमारे ३६ लिटर) ५ पेन्स. म्हणजे घाण काढण्याचे पैसे घ्यायचे आणि तीच घाण पुन्हा विकायची!

आता खर्च पाहा. अरुंद, वाकड्या धूरमार्गातून वर चढायला लहान मुले लागत. त्यांतली बरीच गरीब घरांतली, शिकाऊ म्हणून मालकाच्या हवाली केलेली. त्यांना जेवण आणि निजायला जागा मिळे, पगार नसे. अनाथ मूल पदरात घेतल्याबद्दल अनेकदा मालकालाच रक्कम मिळे. मुले अडकून गुदमरत. काजळीमुळे या कामगारांना होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच दाखवून दिला होता. दरात यातले काहीच धरलेले नसे.

मग यंत्र नव्हते का? होते. जॉर्ज स्मार्टने १८०३ च्या सुमारास जोडदांड्यांचा लांब ब्रश तयार केला. जोसेफ ग्लासने १८२८ मध्ये त्यात सुधारणा केली. पण वाकड्या धुराड्यात ब्रश चालवायचा तर भिंतीत छोटी दारे बसवावी लागत, आणि तो खर्च घरमालकाचा. तो म्हणे, पोरगा पाठवा. एकाने नकार दिला तर दुसरा तयार असेच. अभियांत्रिकी शिकवणारा म्हणून मला हा भाग महत्त्वाचा वाटतो : तंत्र हाताशी होते, पण दरपत्रकात ते हरत होते. आपल्याकडे सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही सर्वांत कमी दराची निविदा उघडताना त्या दरात काय धरलेले नाही, हे विचारणारे थोडेच.

कायदे झाले. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील शिकाऊ मुलांवर बंदी आली, १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यावर. अंमलबजावणीची सोयच नसल्याने बंदी कागदावर राहिली आणि कायदा पाळणाराच धंद्यात मागे पडे. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथे एका रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकला आणि दगावला. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक धंदेवाल्याला दरवर्षी पोलिसांकडून परवाना घेणे भाग पाडले. आता मूल चढवणाऱ्याचा परवानाच धोक्यात येई, आणि ब्रश वापरणाऱ्याला स्वस्त पोराशी स्पर्धा करावी लागत नसे.