साने गुरुजींचा वारसा आणि आजन्म सेवादल सैनिक : मराठवाड्याच्या संदर्भात

विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात युवक संघटनांचे कार्य महत्त्वपूर्ण ठरते. ४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. शाखेवरील खेळ, कवायत, समूहगीते, अभ्यासवर्ग आणि श्रमशिबिरे हे तिचे बाह्य स्वरूप. मुलामुलींनी एकाच शाखेत यावे, कोणी कोणाची जात विचारू नये, हा दंडक मात्र त्या काळी धाडसाचाच होता.

ब्रिटनमध्ये १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरा प्रिन्स फिलिप यांच्या आश्रयाखाली युवकांसाठी योजना सुरू झाली. तीत कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा पायऱ्या होत्या, आणि पाठीशी राजघराणे होते. सेवा दलाला आधार लाभला तो अमळनेरच्या एका माजी शिक्षकाचा. साने गुरुजींपाशी संपत्ती नव्हती, अधिकारपदही नव्हते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ ते १० मे १९४७ या काळात त्यांनी उपोषण केले. तत्पूर्वीच्या महाराष्ट्र दौऱ्यात सेवा दलाची तरुण मुले त्यांच्यासोबत होती. त्या मुलांच्या दृष्टीने प्रमाणपत्र म्हणावे तर हेच!

११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. व्यक्तिनिष्ठेवर उभी असलेली संघटना अशा वेळी खचते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे निष्ठेने कामाचे रूप घेतले. येवल्याचे यदुनाथ थत्ते यांनी गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन दीर्घकाळ सांभाळले आणि आणीबाणीतही लेखणी खाली ठेवली नाही. मराठवाड्यात डॉ. बापू काळदाते यांनी सेवा दलाचा संस्कार राजकारणात नेला. १९७७ साली ते औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पुढे राज्यसभेतही होते. संसदेत पोहोचले तरी त्यांची ओळख अखेरपर्यंत सेवादलाचे बापू अशीच राहिली. १७ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

अर्थात, इतिहास अशा नामवंतांपाशीच थांबतो, ही त्याची मर्यादा होय. गावोगावी शाखा चालविणाऱ्या शिक्षकांची आणि विशेषतः मुलींची नोंद त्यात क्वचितच आढळते. पदके नसल्याने नोंदवह्याही उरल्या नाहीत, असे म्हणता येईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निराधार झालेल्या मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले. त्यामागे पन्नालाल सुराणा यांच्यासारखे सेवा दलाचे जुने सैनिक होते. गुरुजींना जाऊन तेव्हा ४३ वर्षे झाली होती.